धूम्रपान सोडताना वजनावर नियंत्रण

वजन वाढेल या भीतीने अनेक जण सिगारेट किंवा विडी सोडण्याचा निर्णय लांबणीवर टाकतात. ही भीती सर्वस्वी निराधार नाही. मात्र धूम्रपान सुरू ठेवण्याचे ते कारण ठरू शकत नाही.

निकोटीनमुळे भूक मंदावते आणि शरीरातील ऊर्जेचा वापर किंचित वाढतो. धूम्रपान सुटताच हे परिणाम ओसरतात. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, औषधांविना धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी ४.७ किलोग्रॅमने वाढले. त्यातील बहुतांश वाढ पहिल्या तीन महिन्यांतील होती. सुमारे १६ टक्के व्यक्तींचे वजन मात्र घटले. अमेरिकेतील २०१८ च्या एका अभ्यासात, वजन वाढूनही धूम्रपान सोडणाऱ्यांचा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा कमीच आढळला.

सुरुवातीलाच कडक उपवास करू नयेत. भुकेने तल्लफ बळावू शकते. तल्लफ आल्यास पाणी प्यावे, काकडी, गाजर किंवा भाजलेले चणे खावेत. गोड आणि तळलेले पदार्थ टाळावेत. नियमित चालावे. हिवाळ्यात दिल्ली, नोएडा, गुरुग्राम परिसरातील हवा अतिप्रदूषित असताना व्यायाम घरातच करावा.

दिल्ली विद्यापीठातील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये मे २०१६ मध्ये राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा सुरू झाली. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन केले जाते. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूजन्य उत्पादनांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक करण्यात आले.