परकीय उद्योगांचा टिकाव
विकसनशील अर्थव्यवस्थेत परकीय मालकीच्या कंपनीचे उत्पादन दीर्घकाळ चालू राहणे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील मालकी घटवण्याची अट न मानता कोका-कोलाने भारत सोडला. १९९१ नंतर धोरण सैल झाले (पहा : उदारीकरण). तरी टिकाव केवळ धोरणावर ठरत नाही. शिरूर तालुक्यातील रांजणगावात फियाटच्या मोटारी बाजारातून गेल्या, कारखाना मात्र राहिला. कारण टाटा मोटर्सची भागीदारी आणि २०१७ पासून तेथे बनणारी, निर्यातही होणारी जीप कंपास. मोठे भांडवल पुरेसे असते, हा आक्षेप तळेगावात टिकत नाही : जनरल मोटर्सने तेथील उत्पादन २०२० मध्ये थांबवले. दौंडच्या कुरकुंभ वसाहतीत, रसायन उद्योगांमुळे, पाणी व सांडपाणी हेच घटक कळीचे (पहा : औद्योगिक प्रदूषण).