आकाशाचे वेळापत्रक: कराचीपासून बिरसीपर्यंत

नकाशावर नागपूर ते कलकत्ता अशी सरळ रेघ ओढली, तर ती गोंदिया जिल्ह्यातून जाते. गोरेगाव आणि आमगावच्या जवळजवळ माथ्यावरून. १९४९ च्या जानेवारीपासून १९७३ च्या ऑक्टोबरपर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, कलकत्त्याचे टपाल घेऊन एक विमान रात्री नागपूरला येई आणि तसेच रातोरात परत फिरे. बिरसी गावाजवळची धावपट्टी तर त्याच्याही आधीची, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४० साली इंग्रजांनी बांधलेली. म्हणजे डोक्यावरून विमान जात होते आणि पायाखाली धावपट्टीही होती. तरीही प्रवासी विमानांच्या वेळापत्रकात ‘गोंदिया’ ही ओळ उमटायला १३ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला.

विमान कंपन्यांचा इतिहास मंत्र्यांच्या भाषणांत किंवा कंपन्यांच्या ताळेबंदांत वाचण्यापेक्षा त्यांच्या वेळापत्रकांत वाचावा, असे माझे मत आहे. भाषणात भविष्यकाळ असतो. वेळापत्रकात वार आणि वेळ असते, आणि कुठली गावे वगळली तेही दिसते.

या कागदाचे घराणे रेल्वेचे. इंग्लंडात ब्रॅडशॉने १८३९ साली आगगाड्यांची वेळापत्रके एकत्र छापायला सुरुवात केली; पुढे कलकत्त्याहून ‘न्यूमन्स इंडियन ब्रॅडशॉ’ निघू लागले. एका रकान्यात गावे, शेजारी येण्या-जाण्याच्या वेळा, जाताना वरून खाली वाचायचे आणि परतीसाठी खालून वर: ही सगळी मांडणी विमानांनी जशीच्या तशी उचलली. आकाशात रूळ नसले तरी सुरुवातीची वेळापत्रके पाहिली की विमान म्हणजे थोडी उंचावरून जाणारी पॅसेंजर गाडीच वाटते. गाव आले की उतरायचे, तेल भरायचे, टपालाची थैली द्यायची-घ्यायची, पुढे निघायचे.

मात्र रेल्वेशी एक मोठा फरक होता. रेल्वेच्या वेळापत्रकाचा धनी उतारू आणि माल. विमानाच्या पहिल्या वेळापत्रकांचा धनी पत्र. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे ६,५०० पत्रे पोचवली, तेव्हा त्या विमानात उतारू कोणीच नव्हता. पुढे १९२९ साली इंपीरियल एअरवेजचे विमान लंडनहून कराचीपर्यंत येऊ लागले आणि प्रश्न उभा राहिला की कराचीला उतरलेली पत्रे पुढे मुंबई-मद्रासला कशी न्यायची. टाटांनी १९३२ साली सरकारशी टपालाचा दहा वर्षांचा करार केला तो याच कामासाठी.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमान घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले. अहमदाबादला बर्मा शेलचे पेट्रोल बैलगाडीतून डब्यांनी आले, आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. पुढचा बेल्लारी-मद्रासचा टप्पा नेव्हिल व्हिंट्सेंट यांनी उडवला. सेवा आठवड्यातून एकदाच होती, कारण कराचीला विलायतेचे टपाल ज्या दिवशी येई त्यावरच ती बेतलेली. आपल्या पहिल्या हवाई वेळापत्रकाचा काटा असा लंडनच्या टपालखात्याच्या हातात होता.

आणि दुसरा काटा पावसाच्या हातात. जुहूचे मैदान समुद्रकाठचे, पावसाळ्यात चिखलाने भरून जाई. मग सगळा कारभार उचलून पुण्याला न्यायचा. आजची वेळापत्रके मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. युरोप घड्याळे पुढे-मागे करतो म्हणून. आपल्याकडे घड्याळाला कोणी हात लावत नाही, तरी ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’ अशी दोनच वेळापत्रके निघतात. मला विचाराल तर टाटांचे पावसाळी वेळापत्रक या देशाला जास्त शोभणारे होते.

पहिल्या वर्षभरात टाटांच्या विमानांनी सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केले, दहा टनांहून थोडे अधिक टपाल नेले आणि उतारू नेले १५५. म्हणजे आठवड्याला जेमतेम तीन. टपालाच्या थैल्यांच्या जोडीला कोणी बसलाच तर बसू द्यायचा, इतकाच उतारूंचा मान. १९३७ च्या नोव्हेंबरात टाटांची मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली आणि इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर ही संस्थानी गावे रकान्यात आली. संस्थानिकांना विमानाची हौस होती आणि मैदाने बांधायला पैसाही होता. ब्रिटिश मध्य प्रांताच्या कोपऱ्यातल्या, भात, लाख आणि विडीवर जगणाऱ्या गोंदियाला ना राजा होता ना दरबार. त्याच्याकडे जंक्शन होते. नागपूरकडे, रायपूरकडे, जबलपूरकडे आणि चांद्याकडे अशा चारी दिशांना गाड्या सुटणाऱ्या या गावाला त्या काळी विमानाची उणीव भासली असेल, असे वाटत नाही.

महायुद्ध संपले आणि अमेरिकी सैन्याची डाकोटा विमाने भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात विकायला निघाली. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांची डागडुजी करून, बाके काढून खुर्च्या बसवून ती प्रवासी विमाने बनली. मग जो तो कंपनी काढू लागला. निजामाच्या रेल्वेची आणि टाटांची डेक्कन एअरवेज, बिर्लांची भारत एअरवेज, बिजू पटनाईकांची कलिंग, शिवाय अंबिका, ज्युपिटर, मिस्त्री, हिमालयन. टाटा एअरलाइन्स १९४६ साली एअर इंडिया झाली, बॉबी कूका आणि उमेश राव यांचा महाराजा त्याच वर्षीचा. विमानाचे वेळापत्रक देखणे होऊ लागले ते या स्पर्धेमुळे. देखणेपणाआड पैसा फारसा नव्हता. न्यायमूर्ती राजाध्यक्षांच्या चौकशी समितीने १९५० साली निदान केले ते साधे: कंपन्या जास्त, उतारू कमी. अंबिका, ज्युपिटर, मिस्त्री ही नावे वेळापत्रकांतून दोन-तीन वर्षांतच पुसली गेली होती.

याच गर्दीतून भारतीय हवाई इतिहासातले सर्वांत डौलदार वेळापत्रक जन्माला आले, आणि त्याचे केंद्र होते नागपूरचे सोनेगाव विमानतळ. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या डोक्यातली ही कल्पना. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची, आणि प्रत्येक विमान आपापल्या गावी पहाटे परतायचे. नागपूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर, दिल्लीपासून साडेआठशे, मद्रास आणि कलकत्ता नऊशे-साडेनऊशे. डाकोटा तासाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जाई, त्यामुळे कुठूनही अडीच ते पावणेचार तासांत नागपूर. त्या वेळी हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला येणारी मेल दोन रात्री घेई. आता आज संध्याकाळी कलकत्त्यात पेटीत पडलेले पत्र उद्या सकाळी मुंबईच्या पोस्टमनच्या हातात पडू शकत होते.

गंमत म्हणजे या वेळापत्रकात नागपूर कोणाचेच मुक्कामाचे ठिकाण नाही. चारही रकाने तिथे येतात आणि तिथूनच उलटे फिरतात; गोंदिया जंक्शनवर गाडी बदलणाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागले नसते. थैल्यांबरोबर उतारूही नेत. रात्रीचे भाडे दिवसापेक्षा स्वस्त, म्हणून झोपमोड सोसणारे प्रवासी मिळत. मद्रासहून दिल्लीला जाणारा माणूस रात्री सोनेगावला उतरून पेंगुळल्या डोळ्यांनी दुसऱ्या विमानात चढायचा. विमानतळाची नवी इमारत १९५३ साली झाली. तीत फराळाची सोय, विश्रांतीच्या खोल्या आणि पुस्तकांचे दुकानही होते. अर्ध्या रात्री गजबजणारे असे विमानतळ तेव्हा देशात दुसरे क्वचितच असेल.

३० जानेवारी १९४९ रोजी ही सेवा इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने सुरू केली. कंपनीला ते ओझे झेपले नाही, आणि काही महिन्यांत सेवा थांबली. ऑक्टोबरात हिमालयन एव्हिएशनने ती पुन्हा उभी केली. मधल्या काळात, १ एप्रिल १९४९ पासून, टपालखात्याने साधे पत्रही जादा आकार न घेता विमानाने न्यायचे ठरवले. त्यामुळे रात्रीच्या विमानाला पोटापुरता भार मिळाला. ‘एअर मेल’चे निळे चिकटपत्र देशातल्या देशात निरुपयोगी झाले ते यामुळेच. वेळापत्रक चोख असले तरी वाट जोखमीची होती. १२ डिसेंबर १९५३ रोजी याच सेवेचे एक डाकोटा नागपूरहून उडताच कोसळले आणि विमानातल्या १४ पैकी १३ जण गेले.

तोवर कंपन्यांची नावे बदलली होती. १ ऑगस्ट १९५३ रोजी डेक्कन, एअरवेज इंडिया, भारत, हिमालयन, कलिंग, इंडियन नॅशनल, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि एअर इंडियाचा देशांतर्गत भाग, अशा आठांचे मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झाले. ९९ विमाने, त्यांतली ७४ डाकोटा. आठ रंगांच्या आठ पत्रकांऐवजी एकच पुस्तिका आली. एकाच मार्गावर दोन कंपन्यांची विमाने अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने धावायची, ते थांबले. ते बरे झाले. पण कोणत्या गावाला विमान मिळावे हा निर्णय आता दिल्लीतल्या एका टेबलावर होऊ लागला, आणि पुढची चार दशके पुस्तिकेतला नकाशा ठळक झाला तो मोठ्या शहरांभोवतीच. जेट विमाने आली तशी मधली गावे गळाली. कमी वेळात लांब जाणाऱ्या विमानाला दर शे-दोनशे मैलांवर उतरण्याची गरजच राहिली नाही. नागपूरची मध्यरात्रही १९७३ साली संपली.

लहान गावांची आठवण सरकारला १९८१ साली झाली. २६ जानेवारीला वायुदूत सुरू झाली, पुढे कानपूरला बनलेली १९ आसनी डॉर्निअर विमाने घेऊन तिने शंभराच्या आसपास गावे वेळापत्रकात आणली. कोल्हापूर त्यात होते. वायुदूतच्या वेळापत्रकातली गावांची यादी वाचताना ती विमान कंपनीची वाटत नाही, एसटीची वाटते. तोटा मात्र विमान कंपनीचाच होता. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये मिटवली गेली. त्याच सुमारास ईस्ट वेस्ट, दमानिया, जेट अशा खासगी कंपन्यांच्या गुळगुळीत पुस्तिका ट्रॅव्हल एजंटांच्या काउंटरवर आल्या, आणि २००३ साली आलेल्या एअर डेक्कनने तिकीट इंटरनेटवर नेले तेव्हा त्या पुस्तिकांचीही गरज आटत गेली.

बिरसी या सगळ्यात कुठे होती? धावपट्टी आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, १९९८ पासून एमआयडीसीकडे आणि २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ नागरी विमान वाहतूक मंत्री होते. त्या काळात धावपट्टी वाढली, इमारत झाली आणि कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीत वैमानिक प्रशिक्षण संस्था आली. दिल्लीतले ते टेबल गोंदियाच्या माणसाकडे आले तरी वेळापत्रकात ओळ आली नाही; मंत्री धावपट्टी देऊ शकतो, उतारू देऊ शकत नाही. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने मात्र दिवसभर घिरट्या घालत राहिली, आणि कामठा-बिरसीच्या शेतांत धान रोवणाऱ्यांना तो आवाज बसच्या हॉर्नइतका परिचयाचा झाला.

मग ‘उडान’ योजनेखाली सरकारने रिकाम्या खुर्च्यांचे पैसे काही अंशी भरायचे मान्य केले आणि फ्लायबिग कंपनीचे एटीआर विमान इंदूर-गोंदिया-हैदराबाद असे निघाले. उद्घाटनाला मंत्री ज्योतिरादित्य शिंदे होते. २०२२ च्याच जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली होती, म्हणजे कराची-मुंबईने सुरू झालेला वेळापत्रकाचा फेरा पूर्ण होत असतानाच बिरसीचा फेरा सुरू झाला. फ्लायबिगची ओळ काही महिन्यांतच गळाली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबाद आणि तिरुपतीशी जोडून ती पुन्हा लिहिली. इंदूरपेक्षा तिरुपती हे गाव गोंदियाकरांच्या प्रवासाच्या यादीत कितीतरी आधी येते, हे कोणाच्या तरी लक्षात आले म्हणायचे.

जुन्या वेळापत्रकांचे संग्राहक जगभर आहेत. टाटांचे एखादे घडीपत्रक हाती आले तर ते सहजी सोडत नाहीत. गोंदियाच्या बाबतीत त्यांची पंचाईत होणार आहे. २०२२ साली वेळापत्रक कागदावर छापून वाटण्याची रीतच उरली नव्हती. मोबाइलवर वार आणि वेळ दिसायची, सेवा बंद झाली की ती ओळही नाहीशी. त्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ‘विमानाची वेळ’ म्हणून छोट्या चौकटी येत असत. कोणाच्या घरी रद्दीत त्या अजून असतील, तर कापून ठेवाव्यात.