रात्रीची शांतता : कोतवालाच्या तोफेपासून शेजाऱ्याच्या भिंतीपर्यंत

रात्र कोणाची, हा प्रश्न नगरे वसली तेव्हापासूनचा आहे. ज्युलियस सीझरच्या काळात रोम शहरात दिवसा गाड्यांना बंदी झाली, तेव्हा त्या रात्री धावू लागल्या आणि पुढे जुव्हेनल या कवीला आपल्या उपहासिकेत रोममध्ये झोप मिळत नाही, ती श्रीमंतांनाच परवडते, अशी तक्रार करावी लागली. दोन हजार वर्षांनंतरही या तक्रारीतले मर्म शिळे झालेले नाही. ज्याचे घर मोठे, ज्याच्या खिडक्या जाड, ज्याला दुसरीकडे जाऊन निजता येते, त्याला शेजारच्या गोंगाटाची झळ कमी पोचते. उरलेल्यांसाठी कायदा लागतो.

आज हा प्रश्न आपल्या दाराशी एका नव्या रूपात उभा आहे. लग्न नाही, सण नाही, मिरवणूक नाही. एखाद्या सदनिकेत, गच्चीवर किंवा सुटीपुरत्या भाड्याने घेतलेल्या बंगल्यात मध्यरात्र उलटून जाईपर्यंत पार्टी चालते आणि तिच्या ठेक्याने आजूबाजूची तावदाने थरथरतात. ग्वाल्हेरचा लष्कर भाग असो, इंदूरच्या जुन्या पेठा असोत, बडोद्याच्या पोळी असोत की गोव्यातील किनाऱ्यालगतची गावे, ही तक्रार आता सर्वत्र ऐकू येते. त्यावर नेहमीचे उत्तर असते, “आम्ही आमच्या घरात आहोत.” हे उत्तर कितपत टिकते, हे पाहायचे तर आपल्याकडे रात्रीच्या नियमनाचा इतिहास कोणत्या वाटेने आला, ते आधी पाहिले पाहिजे.

त्या इतिहासाची पहिली पायरी आवाजाची नाही, वावराची आहे. पेशवाईतील पुण्यात रात्री ठरलेल्या वेळी तोफ होत असे. तोफेनंतर परवानगीवाचून रस्त्यावर फिरणाऱ्यास कोतवालाची माणसे पकडून नेत. शहर शांत राही ते या भयाने. चोरी, दंगा, व्यभिचार यांचा बंदोबस्त हा हेतू. शेजाऱ्याची झोप हा त्याचा केवळ आनुषंगिक लाभ. या व्यवस्थेची दुसरी बाजू १७९१ साली उघड झाली. घाशीराम कोतवालाच्या अमलात कोंडून ठेवलेले तेलंग ब्राह्मण गुदमरून मरण पावले, शहर खवळले आणि अखेर घाशीरामास जमावाच्या हाती देण्यात आले. विजय तेंडुलकरांचे १९७२ साली रंगभूमीवर आलेले नाटक आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. नाटक हा इतिहास नव्हे, परंतु मूळ घटना इतिहासातली आहे. तिचा धडा आमच्या मते असा की, रात्रीच्या शांततेचे अधिकार एकाच अंमलदाराच्या मर्जीवर सोपवले, आणि त्या मर्जीला मोजमाप व दाद यांचा लगाम नसला, म्हणजे शांतता राहते पण न्याय राहत नाही.

दुसरी पायरी इंग्रजी अमदानीची. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘सार्वजनिक उपद्रव’ हा गुन्हा ठरवला व त्यास जास्तीत जास्त २०० रुपये दंड ठेवला. १८६१ च्या पोलीस अधिनियमाने सण-समारंभांच्या प्रसंगी रस्त्यावर किती वाद्ये वाजावीत, याचे नियमन पोलीस अधिकाऱ्याकडे दिले. येथे ‘रस्त्यावर’ हा शब्द लक्षात घ्यावा. सरकारला चिंता होती ती मिरवणुकींची आणि त्यातून उद्भवणाऱ्या तंट्यांची. खुद्द इंग्लंडातही हाच काळ रस्त्यावरच्या वादकांविरुद्धच्या तक्रारींचा होता. गणनयंत्राची कल्पना मांडणारा चार्ल्स बॅबेज याने लंडनच्या फिरत्या वादकांविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली आणि १८६४ साली तेथे त्यासंबंधीचा कायदा झाला. दोन्हीकडे घराच्या आतील आवाज मात्र जवळजवळ अस्पर्शच राहिला. त्याचे कारणही उघड आहे. विजेवर चालणारा ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी घरातील माणसाचा गळा किंवा तबला शेजाऱ्यास पोचून पोचून किती पोचणार?

स्वातंत्र्यानंतर आपापल्या प्रांतांचे कायदे झाले, आणि आपली वस्ती विखुरलेली असल्याने आपल्या वाट्याला ते निरनिराळे आले. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने, लोकांना त्रास होत असल्याचे दिसल्यास संगीत वा गोंगाट थांबवण्याचा हुकूम काढण्याची सत्ता पोलीस अधिकाऱ्यास दिली. बडोदेकरांना हाच अधिनियम पुढे गुजरातच्या नावाने लागू राहिला. बेळगावास १९६३ चा कर्नाटक पोलीस अधिनियम आला. हैदराबादेत निजामाच्या राजवटीतील १३४८ फसलीचा शहर पोलीस कायदा नंतरही चालत राहिला. इंदूर-ग्वाल्हेरला १९८५ मध्ये ‘मध्य प्रदेश कोलाहल नियंत्रण अधिनियम’ मिळाला. गोंगाटाच्याच नियंत्रणासाठी स्वतंत्र कायदा करणारे हे राज्य, ही गोष्ट तिकडच्या मंडळींनी अभिमानाने सांगावी अशी आहे. परंतु हे सारे कायदे बव्हंशी अधिकाऱ्याच्या समाधानावर अवलंबून होते. किती आवाज म्हणजे जास्त, याचे माप सामान्य नागरिकाच्या हाती नव्हते.

तिसरी पायरी मापाची. १९८७ मध्ये हवा प्रदूषणाच्या कायद्यात गोंगाटाचा समावेश झाला आणि १९८९ मध्ये परिसरनिहाय मर्यादा ठरल्या. १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने, इच्छा नसताना कोणालाही ऐकायला भाग पाडता येणार नाही, असा निर्णय ध्वनिक्षेपकाच्या प्रकरणात दिला. १४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, शांतता क्षेत्रात ५० व ४०, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा, असे सर्व देशाला एकच कोष्टक मिळाले. डेसिबलाची गणती साधी नसते. दहा डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, म्हणून पंचेचाळीस आणि पासष्ट यांतील अंतर कागदावर दिसते त्याहून कितीतरी मोठे आहे.

या नियमांमागे एक दारुण प्रसंग आहे, तो विसरता कामा नये. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला; शेजारी ध्वनिक्षेपकावर गाणी एवढ्या जोराने चालू होती की तिचा आक्रोश कोणापर्यंत पोचला नाही. त्याच सायंकाळी तिने स्वतःला जाळून घेतले. १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी व न्यायमूर्ती अशोक भान यांनी दिलेल्या निकालात शांततेत जगण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात मोडतो, असे ठरले. बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, पण दुसऱ्याने ऐकलेच पाहिजे असे म्हणण्याचे नाही, हा त्याचा गाभा. कोतवालाच्या तोफेपासून येथवर येताना एक मूलभूत पालट झाला. पूर्वी शांतता ही राज्याची आज्ञा होती, आता ती नागरिकाचा हक्क झाली.

आणि मग चौथी पायरी, जी थेट आपल्या विषयाला भिडते. ११ जानेवारी २०१० रोजी नियमांत दुरुस्ती झाली. ध्वनिक्षेपकाबरोबरच कोणतीही ध्वनियंत्रणा व वाद्ये रात्रीच्या बंदीत आली. सभागृहांसारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू जाण्यापुरती सवलत राहिली. शिवाय खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलांहून अधिक वाढता कामा नये, असे स्पष्ट झाले. निवासी भागात रात्री हा हिशेब पन्नासवर थांबतो. “आम्ही आमच्या घरात आहोत” या उत्तराला कायद्याने दिलेले हे प्रत्युत्तर आहे. कायदा घरात डोकावत नाही. पाहुणे किती, ते काय खातात-पितात, कोणती गाणी लावतात, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो कुंपणावर उभा राहून फक्त मोजतो. नीतीचा न्याय न करता उपद्रवाचा न्याय करणे, ही या दुरुस्तीची खरी थोरवी होय.

अर्थात उणिवाही आहेत. मोजणी ज्या पद्धतीने होते ती कानाच्या संवेदनेनुसार खालच्या पट्टीतील आवाजांना कमी वजन देते; आणि आजच्या पार्टीतला भिंत भेदून येणारा भाग तोच, तो धडधडणारा ठेका. यंत्र कमी आकडा दाखवते आणि शेजारचे हृदयविकाराचे रुग्ण मात्र उठून बसलेले असतात. दुसरी उणीव तक्रारदाराच्या एकाकीपणाची. ज्याच्या घराला घर लागून आहे, त्याच्याविरुद्ध पोलिसांत नाव देणे सोपे नसते. आणि परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहूनही ज्यांना अधूनमधून ‘बाहेरचे’ म्हटले जाते, त्यांना तर ते अधिकच जड जाते. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, तक्रारदाराची ओळख पटवण्याच्या मागे न लागता व ती उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, असे बजावले, ही बाब महत्त्वाची वाटते. शिक्षेचे रूपही पालटले आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि १८६० पासूनचा २०० रुपयांचा दंड १,००० पर्यंत गेला. पर्यावरण कायद्यातील कैदेची तरतूद २०२३ च्या जन विश्वास कायद्याने काढून तेथे १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला.

येथवर वाचकांची संमती आम्हांस मिळेल असे वाटते. परंतु आता एक अवघड प्रश्न विचारल्यावाचून हा लेख प्रामाणिक राहणार नाही. आपली स्वतःची रात्रीची संस्कृती या नियमात कोठे बसते? कीर्तन, भजनी सप्त्याचा जागर, गोव्यातील देवळांच्या जत्रांत पहाटेपर्यंत रंगणारे दशावतारी काले, वाड्यांच्या दिवाणखान्यांतील गाण्याच्या बैठकी, ही सारी रात्रीचीच लेकरे. १९५३ मध्ये पुण्यात सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पहाटेपर्यंत चाले. नव्या नियमांनंतर तो आवरता घ्यावा लागला, आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी जाहीर मंडपात ऐकण्याचे सुख दुर्मीळ झाले. हे नुकसान खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. नियमांनी राज्य सरकारांना वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा ठेवली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या ऑक्टोबरात ती वैध मानली. पण ते पंधरा दिवस कोणाचे, यावर दरवर्षी ओढाताण होते, आणि त्यात संख्येने थोडे असलेल्यांचा आवाज क्षीणच राहतो.

या पेचातून आम्हांला एकच न्याय्य वाट दिसते. जुन्या बैठकीत आणि आजच्या पार्टीत फरक अभिरुचीचा नाही. तो यंत्राचा आहे. तंबोरा आणि पखवाज घराच्या भिंतीत मावत असत, आणि दशावतारी काल्याला सारे गाव स्वखुशीने जागे असे. जेथे ऐकणाऱ्याची संमती आहे तेथे रात्र कितीही लांबावी. किनाऱ्यावरच्या पाळोळे येथे कानावर श्रवणयंत्रे चढवून निःशब्द पार्ट्या सुरू झाल्या, तेव्हा पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. पण नाचणाऱ्याची रात्र नाचणाऱ्याला आणि निजणाऱ्याची निजणाऱ्याला, असा तोडगा त्या तरुणांनीच काढला, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. उलट आपल्याच गणेशोत्सवाच्या मांडवातून दहानंतर भिंती हादरवल्या जात असतील, तर शेजारच्या गच्चीवरील पोरांना नियम दाखवण्याचा अधिकार आपण गमावतो.

आपले पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड यांच्याबरोबर या नगरांत आले, ते भिन्न भाषेच्या शेजारात घर करण्यासाठी. तेथे ते टिकले ते केवळ दौलतीच्या आश्रयाने नव्हे. दौलती गेल्या, तनखे गेले, तरी शेजारी राहिला, आणि त्याच्याशी वागण्याची रीत राहिली. त्या रीतीला आपल्या भाषेत शेजारधर्म असा शब्द आहे, आणि त्यात धर्म हा शब्द उगाच आलेला नाही. कायद्याने आता हद्दीवर पन्नास डेसिबलांची रेघ ओढली आहे. तिच्या अलीकडे किती थांबायचे, पार्टीच्या आधी शेजाऱ्याला सांगायचे की नाही, आणि दहा वाजता आपण होऊन आवाज उतरवायचा की पोलीस येण्याची वाट पाहायची, हे मात्र अजून आपल्याच हाती आहे. संस्थांच्या कार्यकारिणींनी निदान आपापल्या सभागृहांसाठी व उत्सवांसाठी हा निर्णय लेखी करून ठेवावा, एवढी आमची विनंती आहे.