'संपला का बे?' : 'देवराई', आपलं सोलापूर आणि न कळलेला सिनेमा

मित्रहो, आजची पोस्ट जरा लांबलीय. चहा घेऊन बसा आणि सवडीने वाचा.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कॉलेजात होतो. एका मित्राने कुठून तरी 'देवराई'ची सीडी आणली. आमच्या घरी नवाच संगणक आलेला, त्याचं कौतुक म्हणून गल्लीतली सात-आठ पोरं जमली. आई, मोठी बहीण, शेजारच्या मावशी मागे दाराशी बसलेल्या. सिनेमा संपला, पडदा काळा झाला, तरी कुणीच हललं नाही. मग एकजण म्हणाला, "संपला का बे?" दुसरा म्हणाला, "काय कळालंच नाही की. खरं काय आणि त्याच्या डोक्यातलं काय, काय तर नीट दाखवायचं ना." तिसऱ्याचं ठाम मत, "डायरेक्टरच येडा आहे." सगळे हसले आणि पांगले.

आई मात्र बसून राहिली. तिनं मला एकच विचारलं, "कोपऱ्यावरच्या त्या काकांना पण असंच दिसत असेल का रे?"

तिच्या प्रश्नाकडे येतोच. आधी हा सिनेमा काय होता आणि आपला त्याच्याशी काय संबंध, ते सांगतो.

'देवराई' आला 2004 साली. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचं. 'दोघी', 'वास्तुपुरुष' करणारी हीच मंडळी, पुढे 'कासव'साठी 2017 साली सुवर्णकमळ मिळवणारीसुद्धा हीच. सुमित्राताई मुळात समाजकार्याच्या अभ्यासक, 2021 मध्ये त्या गेल्या. 'देवराई'त शेष नावाचा हुशार माणूस आहे. गावाजवळच्या देवराईचं, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जंगलाचं, त्याला वेड. हळूहळू त्याच्या मनातली देवराई आणि बाहेरची देवराई एकमेकीत मिसळत जातात. त्याला स्किझोफ्रेनिया झालेला असतो. बहीण सीना त्याला आपल्या घरी आणते आणि तिच्या संसाराची ओढाताण सुरू होते. सीना म्हणजे सोनाली कुलकर्णी. आणि शेष म्हणजे अतुल कुलकर्णी.

होय, आपलेच अतुल कुलकर्णी. जन्म बेळगावचा, पण शाळा इथली, हरिभाई देवकरण. नाटकाचे पहिले धडेही इथलेच, 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत. मग दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, मग 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी राष्ट्रीय पुरस्कार. आपल्याला त्यांचा अभिमान आहे आणि तो असायलाच पाहिजे. पण सोलापूरच्या रंगमंचावरून गेलेल्या या माणसाने एका आजारी मनाची गोष्ट आपल्यासमोर मांडली, तेव्हा आपण काय म्हणालो? "काय कळालंच नाही."

आता ते काका. (नाव सांगत नाही, त्यांच्या घरचे अजून गल्लीतच राहतात.) काका मिलमध्ये होते. सोलापुरातली पहिली मिल, जिला आपण 'जुनी मिल' म्हणतो, ती 1877 ची. नंतर शहरात मिल वाढल्या आणि गावाचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा झाला. भोंग्यावर चुली पेटायच्या, भोंग्यावर पोरं शाळेला निघायची. मग एकेक करून मिल बंद पडल्या, काकांचीही पडली. पण काकांना भोंगा ऐकू येत राहिला. पहाटे उठायचे, डबा घ्यायचे, बंद गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. वाटेत कुणाशी तरी बोलत असायचे, सोबत कुणी नसताना. आम्ही पोरं ओरडायचो, "काका, आज कुठली पाळी?" ते थांबून गंभीरपणे उत्तर द्यायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. मोठी माणसं म्हणायची, "येरवड्याला टाका त्याला."

आज ते हसणं आठवलं की मान खाली जाते.

आईच्या त्या प्रश्नाने मला या विषयाच्या इतिहासाकडे नेलं. बिघडलेल्या मनाचे सिनेमे लोकांनी कसे बघितले, ते शोधत गेलो आणि एक गंमत दिसली. बहुतेक सिनेमांत प्रेक्षकाला घाबरवतात, गोंधळवतात, पण शेवटी कुणीतरी येऊन सगळं समजावून सांगतं. गाठ सुटते आणि आपण निवांत घरी जातो.

1920 मध्ये जर्मनीत 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' आला. वाकडीतिकडी घरं, तिरपे रस्ते, झोपेत चालत जाऊन खून करणारा माणूस. शेवटी कळतं की गोष्ट सांगणारा स्वतःच वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण आहे. म्हणजे वाकडं जग त्याच्या डोक्यातलं होतं. सुटलो!

आपल्याकडे 1967 चा 'रात और दिन'. दिवसा घरंदाज सून, रात्री क्लबात नाचणारी दुसरीच बाई, दोन्ही नर्गिसच. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिला मान या भूमिकेला मिळाला. तिथेही उलगडा करायला डॉक्टर आहेच.

मग 1993 चा मल्याळम 'मणिचित्रताळ'. ही गोष्ट सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. कन्नड बोलणाऱ्या घरांत ती 'आप्तमित्र' (2004) म्हणून ठाऊक आहे, रजनीकांतच्या चाहत्यांना 'चंद्रमुखी' (2005) म्हणून आणि बाकी सगळ्यांना 'भूल भुलैया' (2007) म्हणून. एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषांत गाजली. का? कारण तिच्यात मांत्रिक पण आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ पण आहे. भूत मानणारा खूश, न मानणाराही खूश. आणि शेवटी बाई ठणठणीत बरी!

अशा सिनेमांनी एक गैरसमज मात्र घट्ट केला. एका माणसात दोन माणसं म्हणजे स्किझोफ्रेनिया, असं आजही बरेच जण समजतात. ते चूक आहे. 1908 मध्ये स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी हा शब्द ग्रीक भाषेतून बनवला, 'दुभंगलेलं मन' अशा अर्थाने. आपल्याकडे त्याचं 'छिन्नमनस्कता' झालं. पण ब्लॉयलरना दोन व्यक्तिमत्त्वं म्हणायची नव्हती. विचार, भावना आणि वास्तव यांची एकमेकांशी असलेली जोड तुटते, असं त्यांना म्हणायचं होतं. नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं पक्कं वाटणं, ही त्याची लक्षणं.

हॉलिवूडचा 'अ ब्युटिफुल माइंड' (2001) गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरचा. त्यात अर्धा सिनेमा होईपर्यंत भास आपल्याला खरेच वाटतात आणि मग कळतं की ही माणसं अस्तित्वातच नव्हती. प्रत्यक्षात नॅशना प्रामुख्याने आवाज ऐकू यायचे. डोळ्यांना दिसणारी माणसं ही सिनेमाची भर. पण लोकांना तो आवडला, चार ऑस्कर मिळाले. कारण तिथेही मध्यावर दिवा लावून दिला जातो, की हे खरं आणि हे खोटं.

'देवराई'त असा दिवा लागत नाही. डॉक्टर आहेत, औषधं आहेत, सुधारणाही आहे. पण शेषच्या मनातलं जंगल शेवटच्या रिळात पुसून टाकलेलं नाही. औषधाने आवाज बारीक होतात, पण माणूस आणि त्याचं जंगल दोन्ही उरतात. बहिणीची माया आणि तिचा वैताग एकाच वेळी खरे असतात. आम्हा पोरांना तेच झेपलं नाही. आम्हाला निकाल पाहिजे होता. हा येडा आहे की शहाणा? बरा झाला की नाही? एका वाक्यात सांगा ना!

मला आज असं वाटतं की सिनेमाच्या बाबतीत असलेली ही घाई आपण माणसांच्या बाबतीत पण केली. आणि तिथे तिची किंमत फार मोठी होती.

कायद्यांची नावंच बघा. 1912 चा कायदा होता 'लुनसी ॲक्ट', सरळ वेड्यांचा कायदा. त्याचा भर होता वेड्याला कुठे आणि कसं ठेवायचं यावर. महाराष्ट्रात त्यासाठी ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली मोठी रुग्णालयं होती. म्हणून तर आपल्या बोलण्यात 'येरवडा' हा गावाचा पत्ता उरला नाही, शिवी झाला. 1987 मध्ये नवा मानसिक आरोग्य कायदा आला, तो लागू व्हायला 1993 उजाडलं.

आणि 6 ऑगस्ट 2001. तामिळनाडूतल्या एरवाडी गावी मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका खासगी झोपडीवजा जागेत पहाटे आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. पळणार कशी? 28 जण गेले. त्यांना घरच्यांनीच तिथे आणून सोडलं होतं, बरं होतील या आशेने. सगळे दुष्ट नव्हते, बरेचसे थकलेले होते. सीनासारखेच.

'देवराई' आला तो या आगीनंतर तीन वर्षांनी. हे लक्षात ठेवून तो पुन्हा बघा, वेगळा दिसतो.

त्यानंतर 2013 मध्ये महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने, साखळीने बांधून मारणं हा त्यात गुन्हा आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यात मनोरुग्णाला साखळीने बांधायला कुठल्याही परिस्थितीत बंदी आहे आणि सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. 1912 च्या कायद्याचा प्रश्न होता, 'याला ठेवायचं कुठे?' 2017 चा कायदा विचारतो, 'याला काय हवंय?' इथवर यायला शंभरावर वर्षं लागली.

आता कुणी म्हणेल, "भाऊ, सामान्य माणसाला असलं अर्धं खरं, अर्धं मनातलं कळत नसतं." हे मला अजिबात मान्य नाही. अहो, आपण सोलापूरकर आहोत! दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभार कन्येचं लग्न लागतं. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, आणि लाखाच्या जनसमुदायाने टाकलेल्या अक्षता. तिथे कुणी विचारतं का, "नवरी कुठाय? दंडाशी कधी लग्न होतं का?" नाही विचारत. दंड लाकडाचा आहे हे माहीत असतं आणि लग्न खरं आहे हेही माहीत असतं. दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदतात. ही समज आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. मग शेषसाठी आणि काकांसाठी ती का आटते?

माझं उत्तर असं. यात्रेत आपण सगळे मिळून ते बघतो. काकांचा भोंगा मात्र एकट्या काकांनाच ऐकू येतो. एकट्याला जे दिसतं त्याला आपण वेड म्हणतो आणि मोकळे होतो. औषध डॉक्टरच देणार, त्याला पर्याय नाही. पण त्या माणसाचं एकटेपण कमी करायला डॉक्टर लागत नाही. त्याला गल्ली लागते.

थोडा हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात साधारण 300 माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. तोच हिशोब इथे लावला तर नुसत्या शहरात तीन हजारांच्या आसपास माणसं होतात. ती कुठे आहेत? आतल्या खोलीत आहेत. लग्नकार्यात ज्यांना 'बरं नाही' म्हणून घरी ठेवतात, ती आहेत.

काकांना नेमका कोणता आजार होता, मला माहीत नाही. कुणी त्यांना डॉक्टरकडे नेलंच नाही, मग कळणार कसं? एवढं माहीत आहे की त्या रात्रीनंतर आई कधी कधी सकाळी दारात उभी राहायची. काका गेटवरून परतताना म्हणायची, "दमला असाल, चहा घेऊन जावा." ते ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचे आणि मिलच्या गोष्टी सांगायचे. काही खऱ्या, काही नसतील. आई खऱ्या-खोट्याचा निवाडा करत बसायची नाही. 'देवराई' आमच्या घरात कुणाला कळला असेल तर तिला.

तर मंडळी, दोन विनंत्या. एक, 'देवराई' मिळवा आणि घरच्यांबरोबर बघा. नाही कळला तरी चालेल, त्यावर बोला. दुसरी जास्त महत्त्वाची. तुमच्या घरात, वाड्यात, कारखान्यात असं कुणी असेल तर 14416 हा नंबर सेव्ह करा. ही सरकारची 'टेलिमानस' हेल्पलाइन, 2022 पासून सुरू आहे, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि हो, तुमच्या गल्लीतही असे एखादे काका-मावशी होते का? नाव न घेता कमेंटमध्ये लिहा. त्यांच्यावर हसला असाल तर तेही लिहा. मी लिहिलंय ना वर.