गावचा पाळक कोणी नेमावा?

नारायण पेठेतून निघून लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे चालू लागले, की पंधरा-वीस मिनिटांत आपण बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीपाशी येतो. तेथे समोरच भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती याच वाड्यात. वाडा पार मोडकळीस आला होता. २०२३ च्या डिसेंबरात स्मारक बांधण्यासाठी तो उतरविण्यात आला.

माझे विद्यार्थी रोज या रस्त्याने जातात. त्यांना मी दरवर्षी विचारतो, की ही शाळा काढणारा एकवीस वर्षांचा तरुण स्वतः कोठे शिकला होता? निम्म्या वर्गाला उत्तर येते : स्कॉटिश मिशनच्या शाळेत. मग मी दुसरा प्रश्न टाकतो. जोतीराव त्या शाळेत शिकत होते, त्याच वर्षांत ती चालविणाऱ्या मंडळींवर मायदेशी कोणता प्रसंग आला होता? आता मात्र वर्ग गप्प बसतो. ती हकीकत आज तुम्हाला सांगावयाची आहे. ती आहे परदेशातली, पण गावात राहणाऱ्याला चटकन समजेल अशी आहे.

स्कॉटलंड हा ब्रिटनच्या उत्तरेचा डोंगराळ मुलूख. तेथे एक चर्च आणि त्याच्या हद्दीतील वाड्यावस्त्या मिळून एक पॅरिश होई. चर्चच्या धर्मोपदेशकाला आपल्याकडचे ख्रिस्ती लोक पाळक म्हणतात. या पाळकाला राहावयास घर, थोडी जमीन आणि ठरलेले वेतन मिळे. आपल्याकडील देवस्थानचे इनाम डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल. गावची शाळाही बहुधा चर्चच्याच देखरेखीखाली असे. तेव्हा पाळक कोण येतो, हा साऱ्या गावाचा प्रश्न होता. पण त्याचे नाव सुचविण्याचा हक्क १७१२ च्या कायद्याने बहुतेक ठिकाणी बड्या जमीनदाराच्या हाती गेला होता. तो नाव देई आणि गावाने ते मुकाट्याने मान्य करावे, अशी अपेक्षा असे.

१८३४ साली चर्चच्या महासभेने ठराव केला, की गावातील बहुसंख्य कुटुंबप्रमुखांची हरकत असेल तर तो पाळक त्या गावावर लादू नये. त्याच वर्षी ऑक्टरार्डर नावाच्या गावात या ठरावाची कसोटी लागली. तेथील जमीनदाराने रॉबर्ट यंग यांचे नाव दिले. गावात यादीवर ३३० कुटुंबप्रमुख होते. त्यांपैकी यंग यांच्या बाजूने सही केली अवघ्या दोघांनी, आणि २८७ जणांनी विरोध नोंदविला. प्रकरण कोर्टात गेले. १८३८ साली एडिंबरोच्या कोर्टाने आणि १८३९ साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला तो जमीनदाराच्या बाजूने. गावाची हरकत कायद्याच्या लेखी शून्य ठरली!

आता करावयाचे काय? भांडण नऊ-दहा वर्षे धुमसत राहिले. अखेर १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे महासभा भरली असता हरकतीचा लेख वाचून अनेक पाळक उठले आणि रस्त्यावर आले. दुतर्फा माणसांची गर्दी होती. त्यांनी दुसऱ्या एका सभागृहात जाऊन फ्री चर्च, म्हणजे स्वतंत्र चर्च, स्थापन केले. टॉमस चामर्स हे त्याचे पहिले अध्यक्ष. सुमारे बाराशे पाळकांपैकी ४७४ जणांनी राजीनामे लिहून दिले. राजीनामा म्हणजे नुसता कागद नव्हे बरे का! घर गेले, जमीन गेली, बांधलेले वेतन गेले. बायकामुलांना घेऊन दुसऱ्याच्या आसऱ्याला जाण्याची पाळी आली.

पुष्कळ जमीनदारांनी नव्या चर्चला बांधकामासाठी जागाही दिली नाही. स्ट्रॉन्शियन गावच्या लोकांनी काय केले बघा. जमीन मिळत नाही ना? मग पाण्यावर बांधू, असे म्हणून १८४६ साली त्यांनी लोखंडी तरते चर्च करवून घेतले आणि किनाऱ्याजवळ खाडीत नांगरून ठेवले. उपासनेला लोक होडीतून जात.

हे लोण आपल्या देशात आले. हिंदुस्थानातील स्कॉटिश मिशनरींपुढे तोच प्रश्न होता, की जुन्या चर्चबरोबर राहावे की नव्याबरोबर जावे? ते सगळेच्या सगळे नव्याबरोबर गेले. मुंबईत त्यांच्या विद्यालयाची नवी इमारत पुरी होत आली होती, तिच्यावर त्यांना पाणी सोडावे लागले. डॉ. जॉन विल्सन यांच्या संस्थेला आंब्रोली येथे स्वतःची इमारत मिळाली ती पुढे १८५५ साली. पुण्यात जेम्स मिचेल काम करीत होते. तेही फ्री चर्चमध्ये गेले, आणि शाळा चालू राहिली.

त्या शाळेत १८४१ पासून जोतीराव शिकत होते. त्यापूर्वी वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून मुलगा पुन्हा शाळेत गेला. तेथे सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र त्यांना मिळाले. माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मणाचा मुलगा एकाच वर्गात बसत. १८४७ साली जोतीरावांचे शिक्षण पुरे झाले.

मिशनरींचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. १८४३ च्या सप्टेंबरात मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि एकच गहजब उडाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पण त्याला जातीत परत घ्यावे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, घ्यावे. सनातनी मंडळी म्हणाली, नाही. म्हणजे कोणाला आत घ्यावे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद त्याच सुमारास आपल्याही दारात उभा होता.

जोतीरावांनी मिशनच्या शाळेतून विद्या घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. १८४७ साली त्यांनी टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. हा पेन पाद्र्यांचा कडवा टीकाकार! विद्येचे असेच असते. देणाऱ्याचा हेतू एक आणि घेणाऱ्याचे पीक निराळे.

फुले स्कॉटलंडमुळे घडले, असे मला म्हणावयाचे नाही. ते या मातीत, येथील अपमान सोसून घडले. शिवाय ऑक्टरार्डरच्या त्या यादीत मोजले गेले ते पुरुष कुटुंबप्रमुखच. बायकांना कोणी विचारले नव्हते. जोतीराव आणि सावित्रीबाई त्या लोकांच्याही एक पाऊल पुढे गेली. त्यासाठी त्यांनी किंमतही मोजली. १८४९ साली त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले.

पुढील दोन सालांकडे मी मुलांचे लक्ष वेधतो. १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. भटजीवाचूनही लग्न लागू शकते, हे त्याने त्याच वर्षी लग्न लावून दाखविले. आणि १८७४ साली पार्लमेंटने जमीनदारांचा पाळक नेमण्याचा हक्क रद्द केला. १९२९ साली दुरावलेली बहुतेक मंडळीही जुन्या चर्चशी पुन्हा एक झाली.

गेल्या वर्षी हा धडा संपल्यावर खेड्यातून आलेल्या एका मुलाने विचारले, “सर, ते दोनशे सत्त्याऐंशी लोक कोर्टात हरले. मग त्यांचे नाव कशाला घ्यायचे?” मी म्हणालो, “अरे, हरले खरे. पण सही त्यांनी केलीच ना?” शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावातही देऊळ आहे, शाळा आहे, पाणवठा आहे. तेथे आत कोणी यावे आणि कारभार कोणी पाहावा, हे कोण ठरवितो? एकदा मुलांना विचारून बघा. आणि जे विचारण्याचे धाडस करील, त्याला खाली बसवू नका.