लिनक्सवरील लॅपटॉपचे वीजविषयक बिघाड

लिनक्स या मुक्तस्रोत संगणक प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये बॅटरी न भरणे, ती अपेक्षेपेक्षा लवकर संपणे, चार्ज शिल्लक दिसत असतानाच यंत्र अचानक बंद पडणे, झाकण मिटल्यावर यंत्र न झोपणे किंवा झोपेतून न उठणे आणि उष्णतेमुळे वेग घटणे हे वीजविषयक बिघाडांचे मुख्य प्रकार होत. यांतील काही दोष प्रणालीचे असतात, काही यंत्राचे, तर काही भिंतीवरच्या सॉकेटापर्यंत पोहोचणाऱ्या विजेचे. पडद्यावर दिसणारी लक्षणे मात्र पुष्कळदा सारखीच असतात. त्यामुळे निदानाचा क्रम चुकला की चांगली बॅटरी फेकून दिली जाते किंवा निर्दोष प्रणाली पुसून पुन्हा बसवली जाते. चंद्रपूर व गडचिरोली या महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या वनबहुल जिल्ह्यांत तीव्र उन्हाळा, पावसाळ्यातील खंडित वीज आणि दुरुस्तीच्या दुकानांचे अंतर या तिन्ही गोष्टी एकत्र येत असल्याने हे निदान घरच्या घरी करता येणे तेथे विशेष महत्त्वाचे ठरते.

पार्श्वभूमी

वैयक्तिक संगणकांच्या वीज-व्यवस्थापनासाठी इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये एपीएम हे मानक आणले. त्यात बहुतेक निर्णय यंत्राच्या बायोसकडे असत. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले आणि निर्णयाचा अधिकार संगणक प्रणालीकडे आला. यंत्राचा निर्माता बॅटरी, झाकण, पंखा, तापमापक इत्यादींची माहिती व त्या हाताळण्याच्या लहान आज्ञावली फर्मवेअरमधील कोष्टकांत लिहून ठेवतो. प्रणाली ती वाचून त्यानुसार वागते.

लिनक्सवरील अनेक बिघाडांचे मूळ या व्यवस्थेत आहे. बहुतेक लॅपटॉप विंडोजसह विकले जातात व त्यांची कोष्टके विंडोजवरच तपासलेली असतात. काही कोष्टके तर कोणती प्रणाली चालू आहे हे विचारून वेगवेगळे वागतात. यावर उपाय म्हणून लिनक्सचे कर्नल या प्रश्नाला आपण विंडोज असल्याचेच उत्तर देते. 'लिनक्स आहे का' या प्रश्नाला ते २.६.२३ या आवृत्तीपासून नकार देत आले आहे. वरकरणी हा विनोद वाटला, तरी ज्या मार्गाची चाचणी झालेली आहे त्याच मार्गाने यंत्र चालावे, असा त्यामागील व्यवहारी विचार आहे.

निदानाचा पहिला टप्पा

लॅपटॉपची बॅटरी भरण्याचे काम संगणक प्रणाली करत नाही. ते मदरबोर्डवरील एम्बेडेड कंट्रोलर नावाचा स्वतंत्र लहान नियंत्रक व चार्जिंगचे परिपथ करतात आणि यंत्र पूर्ण बंद असतानाही ते चालू असते. म्हणून बॅटरी भरत नसल्यास यंत्र बंद करून चार्जर तासभर लावून ठेवावा, ही सर्वांत सोपी व सर्वांत उपयुक्त चाचणी होय. बंद अवस्थेतही बॅटरी भरत नसेल तर दोष चार्जर, वायर, चार्जिंगचा जॅक, बॅटरी वा मदरबोर्ड यांत आहे. प्रणाली बदलून काहीही साध्य होत नाही. बंद असताना भरते आणि लिनक्स चालू असताना भरत नाही असे दिसल्यासच पुढे प्रणालीकडे वळावे. तेव्हाही प्रथम यंत्र वापरत असलेली वीज चार्जरच्या क्षमतेपेक्षा अधिक नाही ना, हे पाहावे लागते. ६५ वॅटच्या यंत्राला ४५ वॅटचा चार्जर जोडला, तर जड काम चालू असताना चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरू शकते.

काही कंपन्यांचे चार्जर मधल्या बारीक पिनेतून आपली ओळख यंत्राला कळवतात. ती पिन वाकली, तिच्यातील तार तुटली किंवा चार्जर नकली असला, तर यंत्र चालते, पण बॅटरी भरत नाही. शिवाय प्रोसेसर सर्वांत खालच्या वेगावर अडकतो. 'लिनक्स टाकल्यापासून लॅपटॉप मंद झाला' या तक्रारीमागे कधीकधी हे कारण निघते. डेलच्या यंत्रांत अशा वेळी चार्जर ओळखता येत नसल्याची सूचना बायोसच्या पडद्यावर येते.

चार्जर, बॅटरी आणि इतर सर्व जोडण्या काढून पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरल्यास नियंत्रकात अडकलेली चुकीची स्थिती पुसली जाते. बॅटरी आत बसवलेली असलेल्या यंत्रांत काही निर्माते याच कामासाठी तळाशी टाचणी घालण्याचे छिद्र देतात. विजांच्या कडकडाटानंतर वा दाब वर-खाली झाल्यानंतर 'मेलेली' यंत्रे या उपायाने पुन्हा सुरू झाल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांच्या परिचयाची आहेत.

नोंदवहीचा उपयोग

यंत्र अचानक बंद पडत असल्यास प्रणालीची नोंदवही, म्हणजे सिस्टमडी वापरणाऱ्या वितरणांतील जर्नल, कारण सांगू शकते. मागच्या सत्राच्या नोंदीचा शेवट पाहावा. शेवटच्या ओळींत सेवा क्रमाने बंद झालेल्या दिसत असतील, तर बॅटरी खालच्या मर्यादेला पोहोचल्याने किंवा कुणी बटण दाबल्याने प्रणालीने स्वतःहून यंत्र बंद केले. तापमान धोक्याच्या पातळीला पोहोचल्याची ओळ असेल, तर दोष पंख्याचा, धुळीचा वा सुकलेल्या थर्मल पेस्टचा आहे. आणि नोंद मध्येच, कोणत्याही पूर्वसूचनेविना तुटलेली असेल, तर बहुधा वीज तोडली गेली: बॅटरीचा एखादा सेल कोसळला, जॅक सैल झाला किंवा हार्डवेअरने स्वसंरक्षणासाठी यंत्र बंद केले. कर्नल पूर्ण गोठले तरीही नोंद अशीच तुटते. पण तेव्हा पडदा व पंखा चालूच राहतात, हा फरक प्रत्यक्ष पाहणाऱ्यालाच कळतो.

बॅटरीचे आरोग्य

लिनक्स बॅटरीची माहिती सिसएफएस या आभासी फाइलव्यवस्थेतील वीजपुरवठ्याच्या निर्देशिकेत साध्या मजकुराच्या रूपात ठेवते. अपॉवर ही सेवा तीच माहिती वाचून डेस्कटॉपवरील चिन्हाला पुरवते. त्यातील दोन आकडे महत्त्वाचे होत: कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता. दुसऱ्याला पहिल्याने भागले की बॅटरीचे उरलेले आरोग्य मिळते. कारखान्यात ४८ वॅट-तासांची असलेली बॅटरी आज २४ वॅट-तासच साठवत असेल, तर पडद्यावर '१०० टक्के' दिसले तरी ती पूर्वीच्या निम्मीच आहे. काही यंत्रे वॅट-तासांऐवजी ॲम्पिअर-तास देतात. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच एककात असावेत.

तीस-चाळीस टक्के दाखवत असताना यंत्र बंद पडणे हे जुन्या बॅटरीचे ठळक लक्षण आहे. बॅटरीतील मोजमापाची चिप आत येणारी व बाहेर जाणारी वीज मोजून शिल्लक ठरवते आणि कालांतराने तिचा हिशेब चुकतो. बॅटरी एकदा पूर्ण भरून, नंतर यंत्र बंद पडेपर्यंत उतरवून, पुन्हा सलग भरल्यास हिशेब सुधारतो. त्याने बॅटरी तरुण होत नाही. फक्त आकडा खरा होतो. ही क्रिया दर आठवड्याला करण्याचा सल्ला निकेल-कॅडमिअमच्या काळातला असून लिथियम-आयन बॅटरीला तो अपायकारक आहे. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर कोणतीही चाचणी न करता ती काढावी. तिला दाबू अथवा टोचू नये.

लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्ण जागी राहिली तर लवकर म्हातारी होते. लॅपटॉप कायम चार्जरवर असल्यास भरण्याची वरची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास ठेवणे हितावह ठरते. थिंकपॅडसह अनेक यंत्रांत लिनक्सवरून ही मर्यादा ठरवता येते. टीएलपी हे साधन त्यासाठी बरीच वर्षे वापरात आहे. ग्नोम डेस्कटॉपच्या २०२५ मध्ये आलेल्या ४८व्या आवृत्तीत हा पर्याय थेट सेटिंग्जमध्ये देण्यात आला.

झोप आणि शीतनिद्रा

सस्पेंड, म्हणजे निलंबनाचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात केवळ रॅमला वीज मिळते व बाकीचे यंत्र बंद राहते. नव्या प्रकारात यंत्र नाममात्र जागे राहून सर्व घटकांना आपापल्या परीने झोपवले जाते. एखादे उपकरण नीट झोपले नाही, तर दुसऱ्या प्रकारात झाकण मिटून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप तापतो आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. यंत्र दोन्ही प्रकार जाणत असेल तर कर्नलला सुरुवातीच्या पर्यायातून जुना प्रकार निवडायला सांगता येते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांच्या फर्मवेअरमधून मात्र जुना प्रकार काढून टाकण्यात आला आहे व तेथे हा पर्याय निरुपयोगी ठरतो.

हायबरनेट अथवा शीतनिद्रेत रॅममधील मजकूर डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होते. त्यासाठी पुरेशी स्वॅप जागा लागते आणि सुरू होताना ती कोठे आहे हे कर्नलला माहीत असावे लागते. उबुंटूने १२.०४ या आवृत्तीपासून शीतनिद्रा मूळ मांडणीत बंद ठेवली. सिक्युअर बूट चालू असल्यास अनेक वितरणांत कर्नल शीतनिद्रेला नकार देते. ज्या भागात वीज रात्रभर येण्याची शाश्वती नाही तेथे ही सोय सर्वांत मोलाची आणि नेमकी तीच मूळ मांडणीत बंद, ही विसंगती लिनक्सच्या टीकाकारांनी दाखवली असून ती रास्त आहे.

बॅटरी लवकर संपणे

इंटेलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले पॉवरटॉप हे साधन प्रोसेसरला वारंवार जागे करणारे घटक दाखवते. त्याच वर्षीच्या २.६.२१ या कर्नलमध्ये ठरावीक काळाने विनाकारण पडणारा टाइमरचा ठोका थांबवण्यात आला, आणि त्यानंतरच कोणता कार्यक्रम झोपमोड करतो हे स्पष्ट दिसू लागले. २०११ मध्ये २.६.३८ या कर्नलपासून काही लॅपटॉपांची बॅटरी लवकर संपत असल्याचे फोरोनिक्स या संकेतस्थळाने दाखवून दिले. पीसीआय एक्सप्रेस जोडण्यांची वीजबचत कर्नल आता सावधपणे बंद ठेवत होते, कारण बायोस त्याबाबत चुकीची माहिती देत होते. मॅथ्यू गॅरेट यांनी केलेला बदल २०१२ मधील ३.३ या कर्नलमध्ये समाविष्ट झाला. मधल्या काळात ही वीजबचत सक्तीने चालू करण्याचा सल्ला सर्वत्र फिरला. तो आजही जुन्या पानांवर सापडतो. काही यंत्रे त्यामुळे गोठतात.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपांत वेगळी चिप काम नसतानाही चालू राहणे हे आणखी एक नेहमीचे कारण. नव्या ड्रायव्हरांत ती आपोआप बंद होते. जुन्या यंत्रांत बायोसमधून ती बंद करणे सोपे पडते. टीएलपी व पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही दोन साधने एकाच वेळी चालवू नयेत. दोघेही त्याच मांडण्या बदलत असल्याने एकाने केलेले दुसरा पुसतो.

चंद्रपूर व गडचिरोलीतील परिस्थिती

चंद्रपूर येथे २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित असून तेथील वाहिन्या लांबवर जंगलातून जातात. वादळात झाड पडले की वाहिनी तुटते. भामरागड तालुक्याचा संपर्क पर्लकोटा नदीच्या पुरामुळे पावसाळ्यात वारंवार तुटतो. अशा वेळी लॅपटॉपची बॅटरी ही चैन राहत नाही. शाळेचे, दवाखान्याचे किंवा ग्रामसभेचे काम तिच्यावर अवलंबून असते.

लांब वाहिनीच्या टोकाला दाब कमी असतो. लॅपटॉपचे चार्जर सामान्यतः १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्याने बल्ब मंद झाला तरी चार्जर चालतो, परंतु दाब फार खाली गेला वा सॉकेट सैल असला की यंत्र क्षणाक्षणाला चार्जर व बॅटरी यांत अदलाबदल करते. पडद्याचा उजेड सतत कमी-जास्त होणे ही त्याची खूण होय. एसीपीआयच्या घटना थेट दाखवणारे साधन चालू ठेवल्यास प्रत्येक तुटीची वेळ दिसते. दुसऱ्या घरातील सॉकेटवर घटना थांबल्या, तर दोष लॅपटॉपचा नाही.

उन्हाळ्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. लिथियम-आयन बॅटरी भरण्याची सुरक्षित मर्यादा साधारणपणे याच आकड्याच्या आसपास असल्याने दुपारी पत्र्याच्या छताखाली बॅटरी भरणे थांबते आणि 'चार्जर जोडलेला, पण भरत नाही' अशी स्थिती दिसते. हा बिघाड नसून संरक्षण आहे. पहाटे किंवा रात्री चार्ज करणे, यंत्र गादीवर न ठेवणे आणि पंख्याच्या जाळीतील धूळ काढणे एवढेच उपाय तेथे लागू पडतात.

सौर पॅनेल व १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या ठिकाणी इन्व्हर्टरने वीज २३० व्होल्टपर्यंत चढवून चार्जरने ती पुन्हा १९ व्होल्टवर उतरवली जाते. दोन्ही टप्प्यांत वीज वाया जाते. १२ व्होल्टवरून थेट लॅपटॉपला लागणारा दाब देणारा परिवर्तक वापरल्यास हा अपव्यय घटतो. त्याचा दाब, वॅट आणि पिनेची ध्रुवता मात्र यंत्रावरील खुणेशी जुळवूनच घ्यावी. याच अडचणीचा विचार मुळापासून केलेले लिनक्स यंत्र म्हणजे 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचा एक्सओ. २००७ मध्ये त्याचा एक प्रयोग रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या लहान शाळेत झाला. फेडोरावर आधारित प्रणाली, उष्णता सोसणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी, १२ व्होल्टवर थेट चालण्याची सोय आणि प्रोसेसर झोपला तरी चित्र टिकवणारा, उन्हात वाचता येणारा पडदा ही त्याची वैशिष्ट्ये होती.

विदेचे नुकसान

बॅटरी पूर्ण मेलेला लॅपटॉप चार्जरवर चालतो, पण वीज जाताच लिहीत असलेली फाइल अर्धवट राहू शकते. एक्स्ट४ ही फाइलव्यवस्था जर्नल ठेवत असल्याने पुढच्या वेळी ती स्वतःला सुसंगत स्थितीत आणते. जतन न केलेला मजकूर मात्र परत मिळत नाही. प्रणालीचे अद्यतन चालू असताना वीज गेल्यास पॅकेज अर्धी बसलेली राहतात. डेबियन व तिच्यावर आधारित वितरणांत, ज्यांत सी-डॅकचे बॉस लिनक्सही येते, अर्धवट पॅकेजांची मांडणी पुरी करण्याची आज्ञा उपलब्ध असून बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. फर्मवेअरचे अद्यतन मध्येच तुटल्यास यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. त्यामुळे ते करणारी एफडब्ल्यूयूपीडी ही सेवा चार्जर जोडलेला नसेल किंवा बॅटरी पुरेशी भरलेली नसेल, तर सहसा काम सुरूच करत नाही. हे बंधन वळसा घालून टाळण्याचे पर्याय उपलब्ध आहेत. खंडित विजेच्या भागात ते वापरू नयेत.