निवळीचे बी आणि माशाची पिशवी

पहिल्या पावसाने नदीला गढूळ पाणी आले म्हणजे आपल्याकडे घागरीच्या आतल्या अंगाला निवळीचे बी उगाळीत. गाळ तळाशी बसे आणि वर नितळ पाणी मिळे. मनुस्मृतीने या झाडाचा दाखला मोठ्या मार्मिकपणे घेतला आहे. निवळीचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहो, तिला हा दाखला तंतोतंत लागू पडतो. ही वस्तू बिअर निवळण्याची आहे. मद्याची भलावण करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. परंतु या इतिहासाचा एक धागा आपल्या कोळीवाड्यांपर्यंत येऊन पोचतो, म्हणून तो सांगावासा वाटतो.

बिअर आंबते ती यीस्टमुळे. आंबण्याचे काम संपले तरी यीस्टच्या सूक्ष्म पेशी द्रवात तरंगत राहतात. पिंप पुष्कळ दिवस स्वस्थ ठेवले तर त्या आपोआप खाली बसतात. पण व्यापाऱ्याला तेवढा धीर कोठला? म्हणून अठराव्या शतकातले इंग्रज मद्यकार ‘आयसिंग्लास’ वापरीत. नावात ग्लास असला तरी त्याचा काचेशी काही संबंध नाही. हा शब्द जुन्या डच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ स्टर्जन माशाची पिशवी असा आहे. माशाच्या पोटात त्याला तरते ठेवणारी जी हवेची पिशवी असते, ती वाळवून हा माल रशियातून येई आणि फार महाग पडे.

तो तयार कसा करतात, याविषयी मात्र ग्रंथांतून चुकीची माहिती चालत आली होती. माशाचे अवयव उकळून त्याचा सरस काढतात, असे ग्रंथकार लिहीत. हंफ्री जॅक्सन या इंग्रज रसायनज्ञाने 1773 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या समजुतीचे खंडन केले. त्याची परीक्षा किती साधी! आयसिंग्लासची गुंडाळी काही तास थंड पाण्यात भिजत ठेवली की तिचे पदर उलगडतात आणि मूळची पातळ त्वचा दिसू लागते. म्हणजे येथे उकळणे नाहीच. पिशवी धुवायची, वळायची आणि उघड्या हवेत वाळवायची, एवढेच. गंमत अशी की, याच जॅक्सनच्या नादी लागून हेन्री थ्रेल या लंडनच्या मोठ्या मद्यकाराने माल्ट व हॉप्सशिवाय बिअर करण्याचा घाट घातला आणि 1772 मध्ये तो दिवाळ्याच्या काठावर जाऊन पोचला. जेथे जॅक्सनने वस्तू डोळ्यांनी पाहिली तेथे तो बरोबर ठरला; जेथे नुसती कल्पना लढविली तेथे बुडाला व दुसऱ्यालाही बुडवू लागला.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. वाळलेल्या पिशवीचे बारीक तुकडे करावयाचे आणि आंबट झालेल्या जुन्या बिअरमध्ये थंड जागी भिजत घालावयाचे. पुढे यासाठी सौम्य आम्लेही वापरू लागले. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, तुकडे फुगून दाट बळक तयार होते. ते चाळणीतून घासून काढायचे, पातळ करायचे, पिंपात ओतून ढवळायचे आणि मग पिंपाला हात लावायचा नाही. या पिशवीत कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. त्याचे लांब तंतू आम्लात सुटे होतात. त्यांच्यावर धन विद्युत्भार असतो, तर यीस्टच्या पेशींवर ऋण. दोघांची गाठ पडली की मोठे पुंजके बनतात आणि जड होऊन झपाट्याने खाली बसतात. ऊब लागली की मात्र तंतूंचा पीळ उलगडतो व सरस उरतो. त्या सरसाने म्हणजे जिलेटिनने थोडेफार काम होते, पण तंतूंची सर त्याला येत नाही. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी लागणारा परवाना 1963 मध्ये रद्द झाला. तेथील हौशी गृहस्थालाही हीच पथ्ये पाळावी लागतात.

रशियन मालाची महागाई टाळण्यासाठी पुढे विल्यम मर्डॉकने, गॅसच्या दिव्यांमुळे प्रसिद्ध झालेल्या त्याच यंत्रज्ञाने, कॉड माशापासून पर्याय काढला. नंतर दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे पूर्वीचे अधीक्षक जॉन फोर्ब्स रॉयल यांनी 1842 मध्ये हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आयसिंग्लासविषयी एक पुस्तकच लंडनमध्ये छापले. मुंबईहून माशांच्या वाळविलेल्या पिशव्या चीनला जातच होत्या. चिनी लोक त्यांचे सूप करीत. आपले कोळी बांधव जिला बोत म्हणतात ती हीच पिशवी. घोळ आणि दाढा हे मासे तिच्यासाठी प्रसिद्ध आहेत. इंग्रजी बाजाराची अट मात्र वेगळी होती. पिशवी ताजी असतानाच स्वच्छ धुतली पाहिजे, पातळ केली पाहिजे, तिला माशाचा वास राहता कामा नये. समुद्र आपला, मासा आपला. पण किंमत ठरणार होती ती कृतीवर.

आज यंत्राच्या गाळण्या आल्या आहेत. गिनेस कंपनीने आयसिंग्लास सोडण्याचा निर्णय 2015 मध्ये जाहीर केला; आपल्या पेल्यात माशाचा अंश नको, असे म्हणणाऱ्या शाकाहारी ग्राहकांना त्यामुळे समाधान वाटले. घोळीच्या बोताला मात्र परदेशी बाजारात सोन्यासारखा भाव आहे, आणि घोळ पूर्वीइतकी जाळ्यात येत नाही. जी वस्तू निर्माण करणे आपल्या हाती नाही, ती निदान जपून वापरणे तरी हाती आहे.

निवळीच्या बियांनी जे आपल्या आजीला शिकविले, तेच या पिशवीने लंडनच्या मद्यकाराला शिकविले. गाळ खाली बसावयास योग्य वस्तू हवी, ती सिद्ध करण्याची अक्कल हवी, आणि शेवटी भांडे न हलविण्याचा संयमही हवा. यांतले एक जरी उणे पडले, तरी नुसत्या नावाने काही निवळत नाही.